समुद्र गेल्या वर्षी कुठवर आला होता

दीड वर्षाची असताना माझी लेक तिच्या आईला ‘बाई’ म्हणायची. यात तिची काही चूक नव्हती. बायको पोलादपूरच्या वरच्या अंगाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. संध्याकाळी आमच्या महाडच्या घरी चार मुलं शिकायला यायची, ती तिला बाई म्हणायची. मी माझ्या आईला आई म्हणायचो. पोरीने घरातल्या माणसांना ज्या नावांनी हाक मारली जात होती ती नावं उचलली. आजी झाली आई, आई झाली बाई. मला ती ‘अहो’ म्हणायची.

लोक ऐकून हसत. बायकोही हसायची, पण तिचं हसू आमच्यापेक्षा थोडं आधी संपायचं.

ती सकाळी सातच्या एसटीने जायची आणि दिवेलागणीला परत यायची. बाळंतपणाची रजा संपली तेव्हा पोरगी तीन महिन्यांची होती. तेव्हापासून दूध, भात, आंघोळ, सगळं माझ्या आईच्या हातचं. झोप तर आईशिवाय नाहीच. आईच्या कोपराची सैल कातडी चिमटीत धरायची आणि चोळत चोळत झोपायचं, अशी तिची पद्धत. बायको घरात शिरली की पोरगी तिच्याकडे बघून छान हसायची, ओळखीच्या पाहुण्यांकडे बघून हसावं तसं. मग वळून आईच्या मांडीवर.

त्या फेब्रुवारीत बायकोने एक रंगीत पत्रक आणलं. शाळेतल्या कुणीतरी दिलेलं. श्रीवर्धनच्या बाजूला समुद्रकाठी एक रिसॉर्ट निघालं होतं. पत्रकावर दोन नारळांमध्ये बांधलेली झोळी, झोळीत गॉगल लावलेली बाई, आणि मागे इतका निळा समुद्र की तो आमच्या जिल्ह्यातला वाटत नव्हता.

“मे महिन्यात तीन दिवस,” ती म्हणाली. “तुम्ही, मी आणि ती.”

“आणि आई?” मी विचारलं.

ती पत्रकाची घडी घालत राहिली. मग म्हणाली, “मला ती तीन दिवस हवी आहे. एकदा तरी माझ्याजवळ झोपली पाहिजे. रडून दमून नाही, आपणहून. इथे ते होणार नाही. यात आईंचा दोष आहे असं मी म्हणत नाही.”

“आणि मी कशाला?”

“बॅगा उचलायला.”

आईला हे सांगायला मला आठ दिवस लागले. शेवटी खोलीत तिघांचीच सोय आहे असं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तिघंच मावतात? खोली हाय का पेटी?” मी ताटातले खडे वेचायला लागलो. मग तीच म्हणाली, “जा. माझं तेवढंच घर झाडून होईल.” पण त्यानंतर दोन दिवस तिने घर झाडलं नाही आणि माझ्याशी बोललीही बेताचंच.

तिच्या दृष्टीने समुद्रावर मजा करायला जाणं हा प्रकारच नवा होता. आमच्या घरातून समुद्रावर गेलेला शेवटचा माणूस म्हणजे माझे वडील, आणि तेही हरिहरेश्वरला, मडक्यातून.

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो. कचेरीतल्या माणसाला कुठलीही गोष्ट करायची म्हणजे आधी तिची फाईल करावी लागते. दरवर्षी मे महिन्यात आमच्याकडे पुराच्या पूर्वतयारीचा तक्ता निघायचा: तपशील, जबाबदार व्यक्ती, शेरा. होड्या कुणाच्या, दोर कुठे, चाव्या कुणाकडे. मी गेल्या वर्षीचा एक कोरा तक्ता घरी आणला आणि सहलीसाठी भरायला बसलो. औषधं – मी. कपडे – बायको. दूध गरम करणे – बायको. झोपवणे या ओळीपुढे माझ्या हाताने सवयीने ‘आई’ लिहिलं. बायकोने तो कागद पाहिला, पेन घेतलं, ते खोडलं आणि आपल्या वळणदार मास्तरकी अक्षरात पुढे लिहिलं, ‘मी’.

तक्ता भिंतीवर लागल्यावर आईचा राग गेला. घरात काहीतरी ठरतंय आणि आपल्याला विचारत नाहीत, हे तिला सोसायचं नाही. पण यादी म्हटली की तिच्या अंगात येई. नाचणीचं सत्त्व, मेतकूट, तूप, जायफळ, सहाण, स्टोव्ह, स्टोव्हची पिन, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन. एक दिवस मला यादीत सुकट दिसली.

“आई, समुद्रावर चाललोय आम्ही. तिथे सुकट कशाला नेऊ?”

“तिकडची मासळी ताजी असते. पोरीला ताजं सोसत नाय.”

सुकट यादीत राहिली.

मग मी रिसॉर्टला फोन लावला. मॅनेजर अदबीचा होता. म्हणाला, “साहेब, लहान मूल आहे ना, मग खालचं कॉटेज घ्या. दार उघडलं की वाळू.”

महाडच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला तळमजला हा शब्द ऐकला की आधी जिना आठवतो. जून लागला की आमच्याकडे डाळी, गाद्या, सिलिंडर आणि कागदपत्रं वर जातात. आजही मी कुणाचंही घर बघायला गेलो तर पहिली नजर भिंतीवरच्या ओल्या रेघेवर जाते. मी मॅनेजरला विचारलं, “समुद्र गेल्या वर्षी कुठवर आला होता?”



“साहेब, तो रोज येतो. आणि जातो.”

“ते ठीक आहे. जास्तीत जास्त कुठवर?”

“जिथे असतो तिथेच.”

पाणी बघितलेलं नसलं की माणसं असंच बोलतात, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, “वरच्या मजल्यावर खोली आहे?”

“आहे, पण बाहेरून उभा जिना आहे. लहान मुलाला घेऊन चढउतार...”

“वरचीच द्या.”

संध्याकाळी मी हे मोठ्या अभिमानाने घरी सांगितलं. आई म्हणाली, “बरं केलंस.” या सगळ्या बेतात तिने मला दिलेली ही पहिली शाबासकी. बायको पोलादपूरच्या डोंगरातली. तिकडे पाणी फक्त खाली जातं. ती म्हणाली, “अहो, मे महिन्यात कसला पूर?” मी तिला समजावून सांगू लागलो, पण समजावता समजावता मलाच ते नीट पटेना, म्हणून मी विषय बदलला आणि रंगीत तालमीची कल्पना मांडली.

कचेरीत आम्ही पावसाळ्याआधी होडी खरंच चालते का बघायचो. तसंच हेही. पोरीला एकदम तीन दिवस आईविना नेलं तर आकांत होईल. तर आधी घरीच दोन रविवार सराव करायचा. आई सकाळी बिरवाडीला मावशीकडे जाईल ती संध्याकाळी येईल. आम्ही तिघं बॅगा घेऊन आमच्या घराच्या वरच्या खोलीत राहू. ही खोली एप्रिलमध्ये रिकामीच असायची. खिडकीतून शेजारची कौलं दिसायची आणि त्यामागे एक नारळ. रिसॉर्टला तेवढं पुरे होतं.

बायकोने थोडा विचार केला आणि हो म्हणाली. आई म्हणाली, “मावशीला काय सांगू? मला माझ्या घरात सुट्टी मिळाली म्हणून?” पण ती गेली.

पहिल्या रविवारी दहा ते अकरा समुद्रस्नान होतं. मी प्लास्टिकच्या टबात पाणी भरलं आणि पोरीला सवय व्हावी म्हणून त्यात मूठभर मीठ टाकलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. पोरीने पाणी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि टबातून बाहेर येऊन आईला शोधायला लागली. खाटेखाली बघितलं, पत्र्याच्या ड्रममागे बघितलं, गुंडाळलेल्या चटईत डोकं घालून बघितलं. रडत नव्हती. नुसतं “आई?” म्हणायची, आपलं काही हरवलंय आणि ते इथेच कुठेतरी असणार अशा सुरात.

दुपारी झोपवायची वेळ झाली. बायकोने तिला कुशीत घेतलं आणि कोपर पुढे केलं. पोरीने चिमटीत धरून बघितलं. बत्तीस वर्षांच्या बाईचं कोपर ते, त्याला सैल कातडी कुठून असणार? दोनदा चिमटा काढून पोरगी म्हणाली, “नाय.” अगदी आईच्या उच्चारात. बायको हसली. मी माझं कोपर दिलं. तेही नाय. मग मात्र भोकाड सुरू झालं, आणि पाचच मिनिटांत जिन्यावर आईची पावलं वाजली.

“बिरवाडीची गाडी चुकली,” आई म्हणाली आणि पोरीला उचललं. पोरगी एका मिनिटात झोपली.

संध्याकाळी शेजारीण फोडलेल्या चिंचेचा गोळा घेऊन आली. बायकोला म्हणाली, “तुमच्या सासूबाईंचा हात भारी चालतो हो. सकाळपासून बसून सगळी चिंच फोडून दिली. सारखं मात्र तुमच्या खिडकीकडे लक्ष.”

आईने मान वर केली नाही.

दुसऱ्या रविवारी मी स्वतः आईला स्टँडवर नेऊन बिरवाडीच्या गाडीत बसवलं आणि गाडी हलेपर्यंत उभा राहिलो. खिडकीतून ती म्हणाली, “पोलीस पण ठेव बरोबर.” तो दिवस मला आठवायला आवडत नाही. पोरगी साडेअकराला रडायला लागली ती दीडपर्यंत रडली. बायकोने तिला घेऊन वरच्या खोलीत शंभर फेऱ्या घातल्या. “डोळे मीट. झोप आता. शहाणी ना?” पोरगी तिच्या खांद्यावर मागे रेलून दाराकडे बघत होती. शेवटी आवाज बसला आणि ती उशीवर तिरकी पडून झोपली, बायकोपासून हातभर लांब.

“झोपली,” मी म्हणालो.

“दमली,” बायको म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “फोन करून खोली सोडून द्या. मला नाही जायचं.”

पाचला आई आली. पोरगी तिच्याकडे झेपावली. आईने तिला घेतलं, पण तिचं लक्ष सुनेच्या तोंडाकडे होतं. काय झालं ते कुणी तिला सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, म्हणून बायको दुपारी घरी असायची. सोमवारी मी जेवायला आलो तेव्हा दोघी माजघरात होत्या. पोरगी आईच्या मांडीवर, पेंगुळलेली. रविवारचं सगळं सुनेकडून काढून घेऊन आई तिला सांगत होती.

“इकडे ये गो. जवळ बस. कोपराचं मनावर घेऊ नको. कोपर नंतर येतं. तू बोलतेस कशी ते बघ. डोळे मीट, हात खाली, गप्प झोप. पोर काय हजेरीला उभी हाय?”

बायको म्हणाली, “मग तुम्ही काय करता?”

“मी काय करणार? दिवसभराचं सांगते. सकाळी दूधवाला उशिरा आला, मांजरीने पातेलं पाडलं, कोपऱ्यावरची म्हातारी येऊन दोन कांदे मागून गेली. ती ऐकते. आता काय नवीन येणार नाय असं तिला वाटलं की झोपते.”

“मी काय सांगू? मी घरी असतेच कुठे?”

“मग शाळेतलं सांग. मला काय माहीत तुझ्या शाळेत काय होतं ते. कुणी विचारलं नाय, तू सांगितलं नाय.”

बायकोने तोंड उघडलं आणि मिटलं. दारात मी उभा, समोर सासू.  आई म्हणाली, “इथं नको. मी समोर असले की ती तुझ्याकडे बघायची पण नाय. तिकडं जा आणि बोल.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि खोली सोडलीस का रे?”

खोली मी सोडली नव्हती. धाडस म्हणून नव्हे. कचेरीत गेल्यावर विसरलो होतो.

मे महिन्यात आम्ही गेलो. सात नग सामान, शिवाय पोरगी. रिसॉर्ट छान होतं. झोळी होती, नारळ होते, आणि समुद्र मॅनेजरने सांगितला होता तिथेच होता. खालच्या कॉटेजांची दारं खरोखर वाळूत उघडत होती. आमच्या खोलीला बाहेरून बावीस पायऱ्या होत्या, लोखंडी आणि उभ्या. स्टोव्हची पिशवी घेऊन मी पंधराव्या पायरीपर्यंत गेलो आणि कमरेत उसण भरली.

सांगायचं म्हणजे, त्या तीन दिवसांत मी समुद्र पाहिला तो बहुतेक आडवा. पलंगावर पालथा पडलो की कठड्याच्या दोन गजांमधून त्याची एक पट्टी दिसायची. त्यामुळे पोरीला वर-खाली करायचं काम एकट्या बायकोवर आलं. घरी पोरगी खाली ठेवली की रांगत, धडपडत आईकडे निघायची. इथे दाराबाहेर सरळ जिना. तिला वाळूत जायचं तर बाईच्या कडेवर, भूक लागून परत यायचं तर बाईच्या कडेवर. पायऱ्यांच्या फटींतून खालची जमीन दिसायची, म्हणून पोरगी चढता-उतरता दोन्ही हातांनी बायकोचा गळा धरायची. पहिल्या दिवशी अकरा वेळा. मी पलंगावर पडून मोजत होतो. दुसरं काम नव्हतं.

पहिल्या दुपारी ती झोपलीच नाही. आईला हाका मारल्या, थोडी रडली, मग खेळत राहिली. बायकोने जेवणही धड केलं नाही.

दुसऱ्या सकाळी मॅनेजर माझी चौकशी करायला आला. “साहेब, खालचं एक कॉटेज रिकामं झालंय. हलवू का सामान?” मी हो म्हणणार होतो. बायको म्हणाली, “नको. जिना बरा आहे.” मला वाटलं, सात नग पुन्हा उतरवायचा तिला कंटाळा आला असेल. कधीकधी मला गोष्टी उशिरा कळतात.

त्या दुपारी उन्हाने समुद्राकडे बघवत नव्हतं. बायको खाली चटई टाकून पोरीला घेऊन पडली होती. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून. मला झोप लागलीय असं समजून ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग नीट.

सातच्या गाडीत तिची खिडकीजवळची जागा ठरलेली आहे. कंडक्टर ती जागा दुसऱ्या कुणाला देत नाही. गाडी सोडली की पुढे पाऊण तास चढ आहे, तो ती चालून चढते. वाटेत एका आजीच्या घरी पाणी पिते. शाळा दोन खोल्यांची, एका खोलीचं कौल गेलंय. पहिलीतली एक मुलगी आपल्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन येते, कारण घरी सांभाळायला कुणी नाही. तो तुझ्याएवढाच आहे. त्याला पाटी दिली की तो पाटी चाटतो. मग मी त्याला मांडीवर घेते आणि तशीच शिकवते. त्याचे केस तुझ्यासारखे नाहीत, राठ आहेत. तो झोपला की पाय दुखतो, पण मी हलत नाही.

“मग?” पोरगी म्हणाली. तेव्हा तिला दहा-बारा शब्द यायचे, त्यातला हा एक, आईकडून आलेला.

“मग काय, घंटा होते. मग मी त्याला त्याच्या ताईकडे देते आणि खाली येते. गाडी यायला वेळ असतो. तिथे बसते.”

लग्नाला सहा वर्षं झाली होती. पाऊण तासाचा चढ मला माहीत नव्हता. पाणी देणारी आजी माहीत नव्हती, आणि कुणा परक्याचं पोर रोज तिच्या मांडीवर झोपतं हेही नाही. मी पुराच्या तक्त्यात दोरखंडांची लांबीसुद्धा लिहायचो. भिंतीकडे तोंड होतं ते तसंच ठेवलं.

बराच वेळ आवाज आला नाही म्हणून मी हळूच वळून बघितलं. पोरगी झोपली होती. तिचा हात बायकोच्या कोपरावर होता. चिमटीत काही येत नव्हतं, तरी तिथेच होता. बायको जागी होती. हात अवघडला असणार, पण तिने तो काढला नाही. मी बघतोय हे तिला कळलं. तिने डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं.

तिसऱ्या दुपारीही तसंच झालं. त्या दिवशी शाळेतल्या बैठकीची गोष्ट होती, आणि मला ती अर्धीच ऐकायला मिळाली, कारण मीही झोपलो.

महाडला परत आलो तेव्हा चार वाजले असतील. रिक्षा दारात थांबली. आई ओट्यावर बसली होती, म्हणजे बराच वेळ बसली असणार, कारण आम्ही कुठल्या गाडीने येऊ ते तिला सांगितलं नव्हतं. बायको पोरीला कडेवर घेऊन उतरली. पोरीने आईला पाहिलं, किंचाळली आणि दोन्ही हात पसरले.

आई उठली, दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

“थांब गो,” म्हणाली, “हात ओले हायत माझे.”

आणि पदराला हात पुसायला लागली. हात कोरडे होते. मी बघितलं, बायकोनेही बघितलं. आई पुसतच राहिली. पोरीने जरा वेळ हात तसेच धरले, मग मिटले आणि बायकोच्या मानेत तोंड खुपसलं. आई तिच्याकडे न बघता म्हणाली, “चहा टाकते,” आणि आत गेली.

बायको ओट्यावर उभी राहिली. ज्यासाठी ती तीन दिवस जिना चढली होती, ते तिच्या गळ्यात होतं. मला वाटलं, आता ही जरा बसेल. तिने चपला काढल्या आणि पोरीला घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली.

“आई,” ती म्हणाली, “चहा मी टाकते. हिला घ्या तुम्ही. हात पुसून झाले ना?”

आतून चहाचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

“झाले,” आई म्हणाली.

रिक्षावाला सामान उतरवून घ्या म्हणून हाका मारत होता, म्हणून मी बाहेर गेलो.